सापाचे जेवण : पेटीत की पेटीबाहेर?

साप पाळणे ही कल्पनाच आपल्या वऱ्हाडात सहसा कुणाला रुचणारी नाही. घरात साप निघाला की एकतर काठी शोधायची, नाहीतर हात जोडायचे, या दोनच रीती आपल्याला ठाऊक. अलीकडे 'सर्पमित्राला फोन करा' ही तिसरी रीत रूढ झाली आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु इंग्लंड-अमेरिकेत कुत्र्या-मांजरांसारखा साप पाळणारी कितीतरी घरे आहेत आणि अशा घरांतून एक वाद वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. सापाला तो राहतो त्याच पेटीत खाऊ घालावे, की बाहेर काढून दुसऱ्या डब्यात? वाद क्षुल्लक वाटतो. पण त्यात शिरल्यावर माझ्या ध्यानात आले, की सापाच्या पोटाचा आणि माणसाच्या हाताचा, दोहोंचाही प्रश्न त्यात गुंतलेला आहे; आणि त्याच्या उत्तरातून आपल्या चांदूर बाजारालाही काही घेण्यासारखे आहे.

या वादाशी माझा संबंध आला तो आत्यामुळे. तिचा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडात असतो. त्याच्या अकरा वर्षांच्या मुलाने 'कॉर्न स्नेक' जातीचा साप पाळला आहे. हा साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. बिनविषारी, चार-पाच फूट लांबीचा, नारिंगी-तांबूस रंगाचा. त्याच्या पोटावरची नक्षी रंगीत मक्याच्या दाण्यांसारखी दिसते, म्हणून नाव 'मक्याचा साप'. तो पंधरा-वीस वर्षे जगतो, सहसा चावत नाही, म्हणून नवशिक्यांना हाच साप देतात. तिकडे उंदराची गोठवलेली पिल्ले दुकानात विकत मिळतात. ती कोमट करून सापाला द्यायची. ज्या दुकानातून साप आणला, तेथल्या माणसाने सांगितले, की पेटीत कधीही खाऊ घालू नका, नाहीतर पेटीत हात घातला की त्याला जेवणच आले असे वाटेल. म्हणून ते घर दर आठवड्याला साप बाहेर काढून प्लास्टिकच्या डब्यात त्याला जेवू घाली आणि जेवण झाले की परत पेटीत ठेवी. एके दिवशी परत ठेवताना साप मुलाच्या हाताला चावला आणि सुटेना. जखम किरकोळ, पण घरात घबराट उडाली. आत्याने मला विचारले, "काहून वं बाई, तू मनाचं शिकतं ना? त्या सापाले घरातल्या घरातच चारलं तं काय बिघडते?"

मी मानसशास्त्र घेऊन बी. ए. करते आहे. सापाचे मन हा काही आमच्या अभ्यासक्रमाचा भाग नाही. पण त्या दुकानदाराचे म्हणणे मी ऐकले आणि मला एकदम पावलॉव्ह आठवला. 'पेटी उघडली की जेवण' असे सापाच्या मनात बसते, हे म्हणणे म्हणजे दुसरे तिसरे काही नसून अभिसंधानाचा सिद्धान्तच होय. मग तो सिद्धान्त नीट लावून पाहिल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर कसे मिळणार?

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह याला १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कुत्र्याच्या लाळेचा अभ्यास करताना त्याला दिसले, की अन्न तोंडात पडण्याआधीच, अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच कुत्र्याला लाळ सुटते. पुढे त्याने मेट्रोनोमची टकटक किंवा दुसरा एखादा आवाज आणि अन्न यांची जोडी लावून दाखवली. आवाजामागून अन्न, आवाजामागून अन्न, असे वारंवार घडले की नुसत्या आवाजानेही लाळ सुटते. परंतु या सिद्धान्ताची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आवाज होतो आणि अन्न येत नाही, असे वारंवार घडू लागले की ती सवय विरून जाते. आमच्या पुस्तकात तिला 'विलोपन' म्हटले आहे. म्हणजे एखादी खूण अन्नाची खूण ठरण्यासाठी ती अन्नाआधी यावी लागते, एवढेच पुरत नाही. अन्नावाचून ती सहसा येऊ नये, हेही लागते.

येथे कुणी म्हणेल, कुत्र्याचे ठीक आहे, सापाला कुठली आली शिकण्याची बुद्धी? ही शंका योग्य आहे. कारण साप जर काही शिकतच नसेल तर सगळा वाद निरर्थक ठरतो. पण साप शिकतो. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठातील डेव्हिड होल्ट्झमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात याच मक्याच्या सापाची पिल्ले वापरली होती. मोकळ्या रिंगणात अनेक भोके, त्यांपैकी एकातूनच आसऱ्याला जाता येई. सरावाने पिल्ले त्या भोकाची जागा शिकली आणि पुढे पुढे थोड्या वेळात तेथे पोचू लागली. तेव्हा दुकानदाराची भीती अगदीच निराधार नव्हती. प्रश्न एवढाच, की साप नेमके काय शिकेल?

आता पेटीचे झाकण आठवड्यात किती वेळा उघडते ते मोजू. पाण्याची वाटी रोज बदलायची. घाण दिसली की काढायची. मधूनमधून सापाला हातात घ्यायचे. अशी सात-आठ वेळा पेटी उघडते, त्यांत जेवण एकदाच. मोठ्या सापाला तर दहा-पंधरा दिवसांतून एकदा. झाकणाचा आवाज ही अन्नाची भरवशाची खूण मुळी ठरतच नाही. भरवशाची खूण आहे ती उंदराचा वास. सापाची दुभागलेली जीभ सतत आतबाहेर होते ती दंशासाठी नव्हे, वास गोळा करण्यासाठी. हवेतले व जमिनीवरचे सूक्ष्म कण ती टिपते आणि टाळूतील जेकबसनच्या इंद्रियापाशी पोचवते. त्या वासाला हालचालीची जोड मिळाली की साप झेप घेतो. अजगरांच्या ओठांवर तर उष्णता ओळखणाऱ्या खळग्या असतात, त्यामुळे त्याला ऊबही कळते.

उलट डब्याची पद्धत पाहा. बाहेरचा डबा आला की जेवण येते, आणि ते प्रत्येक वेळी येते. त्याआधी काय होते? माणसाचा हात येतो आणि सापाला उचलतो. ज्या घरी सापाला फारसे हाताळत नाहीत, त्या घरी तर हाताने उचलणे म्हणजे जेवणाची वेळ, अशी पक्की गाठ बसते. म्हणजे ज्या हाताला वाचवायचे म्हणून डबा आणला, तोच हात पावलॉव्हच्या आवाजाच्या जागी जाऊन बसतो! पुढे जेवण झाले की लगेच त्याला पुन्हा उचलायचे. त्या वेळी साप अजून भक्ष्याच्या शोधातच असतो. आणि उंदीर ठेवताना हाताला लागलेला वास तसाच असतो. आत्याच्या नातवाला साप चावला तो नेमका याच क्षणी. सापाने माणसावर राग धरला नव्हता. त्याने हाताला उंदीर समजले होते.

येथे दंशाचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. भ्यालेला साप फुत्कारतो, अंग आखडतो, झटकन तोंड मारतो आणि मागे सरतो. भुकेला साप न फुत्कारता येतो, धरतो आणि सोडत नाही. मक्याच्या सापासारखा आवळणारा साप असेल तर वेटोळे घालू लागतो. पहिला प्रकार स्वसंरक्षणाचा, दुसरा जेवणाचा. माणूस हे सापाचे अन्न नव्हे. पुण्यात १९८० साली नीलिमकुमार खैरे काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले होते. साप माणसाला भक्ष्य समजत असते तर हे शक्यच झाले नसते. पुढे १९८६ साली कात्रजचे सर्पोद्यान त्यांच्याच पुढाकाराने उभे राहिले. पण हाताला उंदराचा वास असेल, तर हा भेद सापाने ओळखावा ही अपेक्षा आपण का करावी?

बाहेर काढण्याला दुसरा आक्षेप पोटाचा. मागल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या वाड्यातील तुरीच्या कोठीत धामण निघाली. गावातील सर्पमित्र आला, त्याने शेपटी धरून तिला ओढली. तोच धामणीने तोंड वासले आणि नुकताच गिळलेला उंदीर सर्वांदेखत ओकून टाकला. बायका म्हणाल्या, पाप ओकली. सर्पमित्र म्हणाला, "वजन कमी करून पयाले मोकळी झाली ते." त्याचे म्हणणेच खरे. जड पोटाने सापाला पळता येत नाही. धोका वाटला की तो पोट रिकामे करतो. पाळलेल्या सापाला जेवणानंतर उचलले की त्याच्या शरीराला हाच इशारा मिळण्याचा संभव असतो. ओकण्यात केवळ अन्न वाया जात नाही. पोटातील तीव्र आम्ल अन्ननलिकेला पोळते, पाणी व पाचकरस जातात आणि त्यानंतर दहा-पंधरा दिवस त्याला काही न देता पोटाला विसावा द्यावा लागतो. म्हणूनच जाणते लोक जेवणानंतर निदान दोन दिवस सापाला हात लावू नये असे सांगतात. बाहेरच्या डब्याची पद्धत नेमका हाच नियम दर खेपेला मोडते.

जेवणानंतर सापाच्या शरीरात केवढी उलथापालथ होते याची आपल्याला कल्पना नसते. ब्रह्मदेशी अजगरावरील २००५ सालच्या संशोधनात असे दिसून आले, की मोठे भक्ष्य गिळल्यावर दोन दिवसांत त्याच्या हृदयाचा स्नायू सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो आणि पचन संपले की पुन्हा पूर्ववत होतो. आतडी, यकृत यांचेही तसेच. महिनोन्‌महिने उपाशी राहू शकणारा हा प्राणी जेवतो तेव्हा जणू सगळा कारखाना नव्याने सुरू करतो. या कारखान्याला इंधन लागते ते बाहेरच्या उष्णतेचे, कारण सापाला स्वतःच्या अंगात आपल्यासारखी ऊब निर्माण करता येत नाही. मक्याच्या सापाच्या पेटीत म्हणून एक टोक सुमारे ३० अंशांचे व दुसरे थंड ठेवतात; साप आपल्या गरजेप्रमाणे सरकतो. थंडीत राहिलेल्या सापाच्या पोटात अन्न पचण्याऐवजी कुजते. इंग्लंडच्या हिवाळ्यात प्लास्टिकच्या उघड्या डब्यात त्याला ही ऊब कोठून मिळणार?

असे असूनही बाहेर चारणाऱ्यांचे सगळेच म्हणणे टाकाऊ नाही. त्यांचा एक मुद्दा असा, की पेटीत लाकडाच्या ढलप्या पसरलेल्या असतात, त्या भक्ष्याला चिकटून पोटात जातात. रानातला सापही भक्ष्याबरोबर मातीचे कण गिळतो, त्याने त्याचे सहसा अडत नाही. तरी मोठी ढलपी तोंडात रुतू शकते. यावर उपाय सोपा आहे. पेटीत एक सपाट फरशी किंवा ताटली ठेवावी आणि भक्ष्य तिच्यावर द्यावे. दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. एका पेटीत दोन साप असतील तर एकाच उंदराला दोघे दोन बाजूंनी धरतात आणि गिळता गिळता एक दुसऱ्याला गिळू लागतो. तेथे त्यांना वेगळे करणे भागच आहे. खरे पाहता त्यांना कायमचेच वेगळे ठेवावे, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. तिसरा मुद्दा नवजात पिलांचा. काही पिल्ले मोठ्या पेटीत बावरतात आणि लहानशा अंधाऱ्या डबीत रात्रभर भक्ष्यासह ठेवले तरच खातात. पण ती डबी पेटीच्या आतच ठेवता येते. जेवण झाले की पिल्लू आपले आपण बाहेर येते, त्याला उचलण्याचे कारण पडत नाही.

तात्पर्य, सापाला त्याच्या पेटीतच खाऊ घालावे. मात्र काही पथ्ये पाळावीत. भक्ष्य हाताने न देता लांब चिमट्याने द्यावे. उंदराला हात लागला असेल तर साबणाने धुवावा. ज्या दिवशी जेवण नाही त्या दिवशीही पेटी उघडत जावी. सापाला हातात घ्यायचे असेल तर आधी बोथट काठीने त्याच्या अंगाला हलकेच स्पर्श करावा. हा स्पर्श म्हणजे 'आज जेवण नाही' अशी खूण. चिमट्याची खूण वेगळी, काठीची वेगळी. दोन खुणांतला भेद प्राणी शिकतो, हेही पावलॉव्हनेच दाखवून दिले आहे. भक्ष्य सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतकेच जाड असावे. आणि एखाद्या घरी पेटी फक्त जेवणासाठीच उघडत असेल, तर त्या घरी दुकानदाराचे म्हणणे खरे ठरेल; पण तो दोष पेटीचा नव्हे, आळसाचा.

हे सारे मी आत्याला सांगितले व तिने मुलाला कळवले. त्यांनी डबा बंद केला. तेव्हापासून कुणाला दंश झालेला नाही. एका घरच्या अनुभवाने सिद्धान्त सिद्ध होत नाही, हे मी जाणते. पण कारण समजल्यामुळे त्या मुलाची भीती गेली, हा लाभ लहान नव्हे.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपल्याकडे हा प्रश्न 'पेटीत की पेटीबाहेर' असा नाहीच. पेटीच नको, हे उत्तर कायद्याने दिलेले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे रानातले साप पकडून घरी ठेवणे हा गुन्हा आहे. परदेशी प्राण्यांपैकी ज्या जाती आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांत आहेत, त्या बाळगणाऱ्यांवरही २०२२ च्या दुरुस्तीने नोंदणीचे बंधन आले आहे. तरीही काही हौशी तरुण पकडलेला साप वन विभागाला न कळवता दोन-दोन दिवस बरणीत ठेवतात; त्याच्यापुढे अंडे, बेडूक टाकून मोबाईलवर चित्रण करतात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की पकडलेला साप भ्यालेला असतो. तो खात नाही, आणि खाल्लेच तर हलवताना ओकतो. त्याला चारणे ही दया नव्हे. त्याला लवकर योग्य जागी सोडणे हीच दया. शिवाय भक्ष्य पुढे असलेल्या विषारी सापाच्या बरणीत हात घालणे म्हणजे काय, हे वरच्या विवेचनावरून कुणाच्याही ध्यानी यावे. इंग्लंडातल्या मुलाची चूक ओरखड्यावर भागली. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्याबाबतीत ती भागणार नाही.

दुसरी गोष्ट नागपंचमीची. दूध हे सापाचे अन्न नव्हे. नागीण पिलांना दूध पाजत नाही, मग नागाला दुधाची गोडी कोठून असणार? गारुडी त्याला दिवसेंदिवस पाण्यावाचून ठेवतात, दात काढतात. तहानेने कासावीस झालेला तो जीव समोरची वाटी ओढतो आणि आपण त्याला श्रद्धा म्हणतो. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची पूजा सर्वश्रुत होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर तेथील मिरवणुकीला आणि खेळांना आळा बसला. कायद्याने जे शिराळ्यात झाले ते समजुतीने आपल्या ओसरीवर व्हायला काय हरकत आहे? मातीचा नाग पुजावा. दूध घरातल्या लेकराला द्यावे.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली बहुसंख्य खेड्यांतली. २०२४ साली केंद्र सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा जाहीर केला. असा आराखडा कागदावरून खाली उतरतो तो कपाशीत आणि संत्र्याच्या बागेत राबणाऱ्या माणसाच्या शहाणपणाने. दंश झाला तर जखम कापू नये, दोरी करकचून आवळू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. रुग्णाला धीर देऊन, हालचाल कमी करून तडक दवाखाना गाठावा. सर्पविषावरची लस तेथेच मिळते.

सापाचे जेवणघर आपल्याकडे पूर्वीपासून ठरलेले आहे. ते म्हणजे आपले शेत, बांध आणि गोदामाच्या मागची उंदरांची बिळे. तेथे धामण जेवते तेव्हा आपल्या तुरीचे चार दाणे वाचतात. तिला तेथे निवांत जेवू द्यावे आणि आपण विजेरी घेऊन, पायांत बूट घालून चालावे, एवढेच आपल्याकडून अपेक्षित आहे.